कल्पनेला कुंपण घालता येते काय?

सातपूर किंवा अंबड येथील कारखान्यात दहा-पंधरा वर्षे नोकरी करून स्वतःचे लहानसे वर्कशॉप काढू पाहणारा तंत्रज्ञ असो, पंचवटीतील आपल्या स्वयंपाकघरातून मनुकांचे लाडू विकू लागलेली गृहिणी असो, अथवा शेतकीची पदवी घेऊन निफाडकडील आपल्या गावी परतलेला बागाईतदाराचा मुलगा असो, नव्या धंद्याचा विचार मनात रुजू लागला की या तिघांच्याही ओठांवर येणारा प्रश्न बहुधा एकच असतो: "माझी कल्पना मी कोणाला सांगितली आणि त्याने ती उचलली, तर माझ्या हाती काय उरेल?" या प्रश्नाच्या पोटात एक समजूत दडलेली असते. सरकारदरबारी कोठेतरी कल्पनांची एक नोंदवही असावी, तिच्यात आपली कल्पना एकदा दाखल केली की दुसऱ्या कोणा इसमास तसा धंदा करण्याची मुभा राहू नये, असे या लोकांना प्रामाणिकपणे वाटत असते. अशी नोंदवही अस्तित्वात नाही. ती का नाही, आणि ती नसतानाही लहान धंद्याच्या मालकाला आपल्या श्रमांचे फळ पुष्कळ अंशी कसे राखता येते, हे या प्रकरणात क्रमाने पाहावयाचे आहे.

१. गोदावरी आणि घागर

रामकुंडावर उभे राहून पाहिले तर गोदावरीचे पाणी कोणा एकाच्या मालकीचे नाही हे सांगावे लागत नाही. ज्याला हवे त्याने ते घ्यावे. परंतु एखाद्या बाईने घागर भरून कमरेवर घेतली, की ती घागर तिची झाली, आणि तीच घागर कोणी हिसकावून नेली तर त्यास चोरीच म्हणावे लागते. कल्पनेच्या बाबतीत कायद्याची दृष्टी नेमकी अशीच आहे. "कामावर जाणाऱ्यांना घरचा डबा पोचवावा", "शहरातल्या पाहुण्यांना द्राक्षबागेत राहावयास बोलवावे", "मिसळ गावाबाहेर झाडाखाली बसून खाण्याची सोय करावी" या सर्व नदीतल्या कल्पना होत. त्यांतील एखादी पहिल्याने ज्याला सुचली त्यालाच तिचा मक्ता मिळाला असता, तर आज नाशिक परिसरात मिसळीचे एकच दुकान राहिले असते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हेच तत्त्व एका नाटकाच्या खटल्यात स्पष्ट केले. 'हम हिंदुस्तानी' या नाटकाच्या लेखकाची तक्रार अशी होती, की १९५६ सालच्या 'न्यू दिल्ली' या चित्रपटाने आपल्या नाटकावरच हात मारला आहे. दोहोंचा विषय प्रांताभिमानाचा, हे कोणीच नाकारले नाही. तथापि विषयावर कोणाचा हक्क नसतो, त्या विषयाला लेखकाने जे विशिष्ट रूप दिले असेल त्यावरच असतो, असे सांगून न्यायालयाने तो दावा अमान्य केला. धंद्याच्या बाबतीत हे 'रूप' म्हणजे काय? दुकानाचे नाव, यंत्राची रचना, वस्तूचा आकार, लिहिलेली पुस्तिका, तिजोरीत ठेवलेले मसाल्याचे प्रमाण. यांतील प्रत्येकाला कायद्यात निराळे कुलूप आहे आणि त्याची किल्लीही निराळी आहे.

२. फाळक्यांच्या कुंडीतील वाटाणा

कल्पना आणि रूप यांतील अंतर समजून घेण्यासाठी नाशिककराला दूर जावयास नको. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. हिंदुस्थानात चित्रपट काढावा ही कल्पना एकट्या त्यांनाच सुचली होती असे नव्हे. दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १९१२ च्या मे महिन्यातच मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात दाखविला गेला होता. फाळके त्याच वर्षी विलायतेस जाऊन सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रपट तयार करण्याची रीत पाहून आले आणि कॅमेरा खरेदी करून परतले. परंतु अशा धंद्याकरिता भांडवल मिळणे दुर्घट होते. तेव्हा त्यांनी कुंडीत एक वाटाणा पेरला, तो उगवून वेलावर चढेपर्यंत दिवसामागून दिवस थोडीथोडी फिल्म घेतली, आणि रोपटे पडद्यावर डोळ्यांदेखत वाढताना दाखविले. ही लहानशी फिल्म पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज देण्याचे मान्य केले. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ च्या मे महिन्याच्या ३ तारखेस त्याच कॉरोनेशनमध्ये लागला, आणि पुढे फाळक्यांनी आपला सारा कारखाना नाशकात आणला.

मला या हकिकतीत फार अर्थ दिसतो. कोणी आपली कल्पना चोरील या धास्तीने ती पोटात ठेवून फाळके बसले असते, तर नाडकर्ण्यांनी पैसा कशावर द्यावयाचा? आणि ज्यांनी त्यांना विलायतेत आपले काम उघडपणे दाखविले त्यांचाही त्यात काही तोटा झाला नाही. नवा धंदा काढणाऱ्या बहुतेक मंडळींची भीती उलट्या दिशेची असते: जी वस्तू अजून बनलीच नाही तिच्या चोरीची चिंता ते करतात, आणि जी बनली आहे तिचे नाव नोंदवावयाचे मात्र विसरतात.

३. नाव हे पहिले कुलूप

लहान धंद्याला सर्वांत आधी आणि सर्वांत स्वस्तात मिळणारे संरक्षण म्हणजे व्यापारचिन्हाचे, ज्याला बाजारात 'ट्रेडमार्क' म्हणतात. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दुकानाचा गुमास्ता परवाना काढला, कंपनीची नोंदणी झाली, अथवा उद्यम नोंदणीचा दाखला हाती आला, म्हणजे ते नाव आपले झाले असे पुष्कळांना वाटते. हे दाखले धंदा करण्याच्या परवानगीचे आहेत. नावावरील हक्क १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली स्वतंत्र अर्ज करूनच पक्का होतो. अर्ज संगणकावरून करता येतो; एकट्या व्यक्तीला, नवउद्योगाला वा लहान उद्योगाला त्याची फी प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. सर्व माल व सेवा मिळून ४५ वर्ग पाडलेले आहेत. ताजी द्राक्षे ३१ व्या वर्गात येतात आणि त्याच द्राक्षांची वाइन ३३ व्या वर्गात, म्हणून आपला माल कोणत्या वर्गात बसतो हे आधी पाहावे. अर्ज जाहीर झाल्यावर चार महिन्यांच्या मुदतीत कोणालाही हरकत घेता येते. हरकत नसेल अथवा ती फेटाळली गेली तर नोंदणी होते, ती दहा वर्षे चालते आणि दर दहा वर्षांनी वाढवून घेता येते.

परंतु कोणतेही नाव चालत नाही. गृहिणीने 'नाशिकचे मनुका लाडू' असे नाव मागितले तर ते मिळणे कठीण, कारण ते केवळ वस्तूचे आणि गावाचे वर्णन आहे. ते शब्द तिला दिले तर इतर लाडूवाल्यांनी आपल्या लाडवांना म्हणावे तरी काय? जे नाव वस्तूविषयी काहीच सांगत नाही तेच कायद्याच्या दृष्टीने सर्वांत बळकट. राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाच्या परिसरात द्राक्षे लावून वाइनचा धंदा उभारला, तेव्हा त्याला त्यांनी 'सुला' हे नाव दिले, ते आपल्या आईच्या 'सुलभा' या नावावरून. त्या शब्दात ना द्राक्ष आहे, ना वाइन, ना नाशिक. म्हणूनच तो त्यांचा होऊ शकला.

नोंदणी होण्यापूर्वीही नाव वापरणारा अगदी निराधार नसतो. आपला कायदा आधीपासून प्रामाणिकपणे वापरीत आलेल्याला मान देतो, आणि दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपविणाऱ्याविरुद्ध मनाई हुकूम मागता येतो. मात्र पुरावा लागतो. पहिल्या विक्रीचे बिल, छापखान्याची पावती, पाकिटाचा पहिला नमुना, जाहिरातीचे कात्रण ही कागदपत्रे तारखेनिशी जपून ठेवावीत. वर्षानुवर्षे रद्दीत जाणारे हे कागद कज्जाच्या दिवशी सोन्याच्या मोलाचे ठरतात.

४. द्राक्षघडाचा पेला

आता आपल्या सातपूरच्या तंत्रज्ञाकडे वळू. द्राक्षाचे मणी लांबट आणि टपोरे व्हावेत म्हणून कोवळे घड जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात बुडवितात. बागाईतदार या कामाला 'डिपिंग' म्हणतात आणि त्या आम्लाला नुसते 'जीए'. मजूर हाती मग घेऊन वेलीखालून फिरत एकेक घड बुडवितो. द्रावण सांडते, बाह्या भिजतात, माना अवघडतात. समजा, आपल्या तंत्रज्ञाने दोन अर्ध्या भागांचा, बिजागरीवर उघडणारा असा पेला बनविला की जो घडाभोवती बाजूने मिटतो, द्रावण आत घेतो आणि उरलेले एका नळीवाटे पाठीवरच्या टाकीत परत नेतो. त्याचे संरक्षण कसे करावे?

यंत्राच्या रचनेला पेटंट मिळू शकते. पेटंट म्हणजे एक प्रकारची सनद होय. जुन्या राजवटीत सनद मिळे ती काही सेवेच्या बदल्यात. येथे सेवा ही, की शोधकाने आपली युक्ती सर्व तपशिलांसह लिहून जगापुढे उघड करावी, आणि त्याच्या मोबदल्यात सरकारने अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे ती वस्तू बनविण्याचा व विकण्याचा एकट्याचा हक्क त्याला द्यावा. अटी तीन: वस्तू नवी हवी, त्या कामातील जाणकाराला सहज सुचण्यासारखी नसावी, आणि उद्योगात उपयोगी पडणारी असावी. १९७० च्या पेटंट कायद्याने काही गोष्टी मुळातच वगळल्या आहेत. शेतीची वा बागाईतीची पद्धत, धंदा करण्याची पद्धत, परंपरेने चालत आलेले ज्ञान यांना पेटंट नाही. म्हणून पेल्याला पेटंट मागता येईल. परंतु घड कोणत्या अवस्थेत आणि किती वेळा बुडवावा, ही रीत कितीही नवी असली तरी तिला मागता येणार नाही. डबे पोचविण्याच्या योजनेची वाटही येथेच बंद होते.

या मार्गावर एक खड्डा असा आहे की ज्यात हुशार माणसेही पडतात. पेला तयार झाला, आनंद झाला, आणि तंत्रज्ञाने तो एखाद्या कृषी प्रदर्शनात मांडला, त्याची चित्रफीत मोबाइलवरून गावोगाव पाठविली, दहा नग विकलेही. मग सवडीने पेटंटचा अर्ज केला. अर्ज फेटाळला जाण्याचा संभव मोठा, कारण जे जगाने पाहिले ते आता 'नवे' राहिले नाही, मग दाखविणारा स्वतः शोधकच का असेना. यासाठी कायद्यात सोय आहे. शोधाचे प्राथमिक वर्णन देऊन अर्ज आधी दाखल करावा, तारीख आपल्या नावे लावून घ्यावी, आणि पूर्ण वर्णन १२ महिन्यांच्या आत सादर करावे. संगणकावरून केलेल्या या अर्जाची मूळ फी एकट्या व्यक्तीला १,६०० रुपये आहे. पुढील तपासणीची व दरवर्षीची फी आणि जाणकाराकडून मसुदा करून घेण्याचा खर्च वेगळा, आणि तो बराच जास्त. जर्मनीसारख्या देशात लहानसहान सुधारणांकरिता सोप्या व अल्प मुदतीच्या नोंदणीची तरतूद आहे. आपल्याकडे ती नाही, आणि नाशिकच्या वर्कशॉपांतून रोज घडणाऱ्या लहान युक्त्यांचा विचार करता ती असावयास हवी होती असे माझे स्पष्ट मत आहे.

पेल्याचा डोळ्यांना दिसणारा आकार आकर्षक असेल तर २००० च्या डिझाइन कायद्याखाली त्याची वेगळी नोंद कोलकात्याच्या कार्यालयात होते; ती दहा वर्षांची, आणि आणखी पाच वर्षे वाढते. तीही वस्तू बाजारात येण्यापूर्वीच करावी. माहितीपुस्तिकेला मात्र काहीच करावे लागत नाही. ती लिहिली त्या क्षणी लेखनहक्क उत्पन्न होतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो.

५. जे सांगावयाचेच नाही

चिवड्यासाठी नाशिकचे नाव सर्वदूर आहे. पोहे तळताना कोणीही पाहावे. परंतु मसाल्याचे प्रमाण घरातील एकदोन माणसांपलीकडे जात नाही, ही अशा धंद्यांतील जुनी चाल. तिच्यात मोठे शहाणपण आहे. पेटंट घेतले असते तर ते प्रमाण छापून प्रसिद्ध झाले असते आणि २० वर्षांनी सर्वांना मोकळे झाले असते. गुपित मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालते. त्याचा दोष एवढाच, की कोणी चव घेऊन स्वतःच्या जिभेच्या बळावर ते ओळखले, तर त्याच्यावर काहीच इलाज नाही. म्हणून जी युक्ती वस्तू उघडून पाहिली की कळते, तिला गुपित ठेवण्यात अर्थ नाही. पेल्याला पेटंट, मसाल्याला मौन.

गुपित फुटते ते नोकर, भागीदार किंवा ज्याच्यापुढे आपण योजना मांडली त्याच्याकडून. नोकराविषयीचा कायदा नीट समजून घेण्यासारखा आहे. कल्याणच्या एका रेयॉन कारखान्याने टायरसाठी लागणारे सूत बनविण्याचे ज्ञान हॉलंडमधील एका कंपनीकडून गुप्ततेच्या शर्तीवर घेतले होते. तेथील एका पर्यवेक्षकाने पाच वर्षांचा करारनामा लिहून दिला असताना मध्येच काम सोडून राजस्थानातील तशाच कारखान्यात नोकरी धरली. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली कारखान्याच्या बाजूने निकाल दिला: कराराची मुदत संपेपर्यंत त्याला तेथे काम करता येणार नाही, आणि शिकलेली गुप्त माहिती उघड करता येणार नाही. परंतु मुदत संपल्यावर काय? १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम म्हणते, की कोणाला आपला कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक होय. यावरून "नोकरी सोडल्यावर पाच वर्षे चिवड्याचे दुकान काढणार नाही" असे आचाऱ्याकडून लिहून घेतलेला स्टँपपेपर कोर्टात टिकत नाही. उद्या तो समोरच्या गाळ्यात दुकान थाटू शकतो. तुमची प्रमाणाची वही नेणे किंवा ते प्रमाण वापरणे मात्र त्याला भोवेल, जर ते गुप्त असल्याचे त्याला लेखी सांगितलेले असेल आणि तुम्ही स्वतः ते गुप्ततेने वागवीत असाल तर. भिंतीवर खडूने लिहून ठेवलेल्या प्रमाणाला कोणतेही न्यायालय गुपित म्हणणार नाही.

भांडवलदार, मोठा कारखानदार किंवा वितरक यांच्यापुढे कल्पना मांडावी लागते तेव्हा काय करावे? येथे मुंबई उच्च न्यायालयाचा २००३ चा एक निकाल उपयोगी आहे. एका संस्थेने दूरचित्रवाणी मालिकेची लेखी कल्पना मोठ्या वाहिनीपुढे विश्वासाने मांडली; पुढे वाहिनीकडे तशीच मालिका तयार झाली. न्यायालयाने मनाई हुकूम कायम ठेवला. कल्पना मोघम नव्हती, ती बारकाईने मांडलेली होती, गुप्त होती आणि विश्वासाच्या नात्यात दिलेली होती. या चारही गोष्टी लहान उद्योजकाच्या हातातल्या आहेत. बोलणी करण्यापूर्वी एका पानाचा गुप्ततेचा करारनामा करावा. समोरचा सही करण्यास नाखूश असेल तर केवढे दाखवावयाचे हे आपण ठरवावे. आणि भेटीनंतर त्याच दिवशी "आज अमुक माहिती आपणांस विश्वासाने दाखविली" असे नम्र पत्र धाडावे. आपल्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने लखोटा पाठवून तो न फोडता ठेवणारे लोकही आढळतात. त्याने फार तर एखादी तारीख सिद्ध होते. हक्क कोणताही उत्पन्न होत नाही.

भागीदारांविषयी अधिक सावधपणा हवा, कारण तेथे संकोच आड येतो. खुद्द फाळक्यांचे नाशकातील हिंदुस्थान फिल्म कंपनीत भागीदारांशी पटले नाही. ते काही काळ सर्व सोडून काशीस जाऊन राहिले आणि तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. भागीदारी मोडल्यास नाव कोणाचे, साचे कोणाचे, मसाल्याची वही कोणाकडे जाणार, हे मैत्री ताजी असतानाच लिहून ठेवावे.

६. काडी हातोहात जाते

निफाडच्या मुलाने आपल्या बागेत एका वेलीवर वेगळेच लांबट मणी पाहिले तर? तासगावकडील वसंतराव आर्वे यांनी अशाच नजरेने 'तास-ए-गणेश' हे वाण निवडले आणि नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी 'सोनाका'. त्या काळी वाणांवर हक्क सांगणारा कायदाच नव्हता; काडी एका बागेतून दुसरीत गेली, आणि तिने नाशिकपर्यंत हजारो कुटुंबांचे दैन्य हटविले. २००१ च्या कायद्याने आता नव्या वाणाची नोंद करता येते. वेलींसाठी हा हक्क १८ वर्षांचा आहे, आणि तो शेतकऱ्याने स्वतः शोधलेल्या वाणालाही मिळतो. त्याच कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे राखण्याची, वाटण्याची आणि ब्रँडशिवाय विकण्याची मुभा ठेवली आहे, ही आपल्या देशाची स्वतंत्र आणि मला अभिमानास्पद वाटणारी तजवीज होय. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने परदेशी 'आरा' वाणे आणली ती पैदासकाराशी परवान्याचा करार करून. दोन्ही रीतींनी बागा उभ्या राहिल्या.

७. येवल्याचा पदर

शेवटचे कुलूप एकट्याचे नसून साऱ्या गावाचे असते. लासलगावचा कांदा, नाशिकची द्राक्षे, नाशिक व्हॅली वाइन आणि पैठणी यांची भौगोलिक निर्देशाखाली नोंद झालेली आहे. हे दप्तर चेन्नईस असते आणि नोंद दर दहा वर्षांनी नवी करावी लागते. हे नाव कोणा एका व्यापाऱ्याला विकत घेता येत नाही, परंतु त्या प्रदेशातील नियमाप्रमाणे माल करणारा कोणीही अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून घेऊ शकतो. ही दुसरी पायरी येवल्यातील प्रत्येक विणकराने चढावी असे मला कळकळीने वाटते, कारण यंत्रमागावरच्या नकली पैठणीशी त्याची झुंज रोजची आहे, आणि गावाच्या नावे झालेली नोंद त्याच्या हाती दाखला होऊन येते ती तेव्हाच.

तोवर येवल्यातला विणकर गिऱ्हाइकापुढे पैठणीची घडी मोडतो, पदर हातावर घेतो आणि उलटा करून दाखवितो. हातमागावर एकेक रंगाचा धागा गुंतवून विणलेला मोर मागच्या बाजूनेही तितकाच स्वच्छ दिसतो. यंत्रावरच्या पदराच्या पाठीवर कापलेले, लोंबणारे धागे असतात. गिऱ्हाईक बोट फिरवून पाहते, आणि मग किमतीचे बोलणे सुरू होते.